आईचं आमेन

आमच्या घरी रात्रीचं जेवण आईच्या आमेनने सुरू व्हायचं. प्रार्थना बाबांची, आमेन आईचं, अशी वाटणी होती आणि तिच्यात कधी फेरफार झालेला मी पाहिला नव्हता. स्वतः मागितलेल्या गोष्टीवर स्वतःच शिक्का मारायचा नसतो, असं बाबा म्हणायचे. त्यामुळे त्यांची प्रार्थना संपली की ते गप्प बसायचे आणि आईची वाट बघायचे. प्रार्थनाही ठरलेली. आधी दिवसाबद्दल उपकार, मग अन्नाबद्दल, मग चर्चच्या मंडळीतल्या आजारी माणसांची आठवण, आणि शेवटी आम्ही तिघं भावंडं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. “अर्पणला तुझ्या सेवेसाठी तयार कर, कृपाला सुबुद्धी दे, रूथला आरोग्य दे.” कृपा म्हणजे मी. मला रोज सुबुद्धीच का, असं मी एकदा फणकाऱ्याने विचारलं होतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “मिळाली की मागायचं थांबतील की.” रूथच्या आरोग्यापाशी बाबा थांबले की आई खणखणीत आवाजात आमेन म्हणायची, तिच्यामागून आम्ही, आणि मग ताटं सरकायची. भिंतीपलीकडच्या रत्नम्माअक्का सांगायच्या, की तुमचं आमेन ऐकू आलं की मी आमच्याकडं अन्न वाढायला घेते, मला घड्याळ बघावं लागत नाही.

बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या रेल्वेच्या चाळवजा क्वार्टर्समधलं ते घर. पुढे एक पायरी, मग खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागे इंजिनांच्या शेडची भिंत. बाबा त्या शेडमध्ये फिटर होते. इंजिनांचं गुरगुरणं, मालगाडीचे डबे एकमेकांना जोडतानाचे दणके, हे सगळं आमच्या अंगवळणी पडलेलं. निपाणीहून कोणी पाहुणा आला आणि दचकला की आम्हाला त्याचंच नवल वाटायचं. आम्ही मूळचे त्या बाजूचे. घरात मराठी बोलायचो, पायरी उतरली की कन्नड, आणि दोन्ही भाषा दारातच एकमेकींत मिसळून जायच्या. आई जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायची आणि रत्नम्माअक्कांकडून आलेल्या सारासोबत आम्ही ती खायचो. बाबा कामावरून आले की नळावर बसून आधी रॉकेलने, मग साबणाने हात धुवायचे. तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. आईतवारी चर्चला जाताना ते हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, आणि लहानपणी मला वाटायचं की तो त्यांचा रुबाब आहे.

अर्पण माझा थोरला भाऊ, घरातला अप्पू. त्याच्या आधी आईची दोन मुलं गेली होती. तो व्हायच्या वेळी बाबांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघे टेकून देवाला शब्द दिला, की हे लेकरू जगलं तर ते तुझं, तुझ्या सेवेला वाहिलं. म्हणून नाव अर्पण. ही गोष्ट आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ होती. बी.ए. झालं की अप्पू सेमिनरीत जाणार आणि पाळक होऊन येणार, यात कुणाला शंका नव्हती. म्हाताऱ्या बायका तो दहा वर्षांचा असल्यापासून त्याच्या गालाला हात लावून “आमचे छोटे पाळकसाहेब” म्हणायच्या. अप्पू हसायचा आणि हळूच सटकायचा. सटकून जायचा कुठे, तर रत्नम्माअक्कांचा बंद पडलेला पंखा खोलून बसायचा. त्याच्या खिशात पेन नसलं तरी पेचकस असायचा. शेजारच्यांचा रेडिओ, शिलाई मशीन, मंडळीच्या हार्मोनियमचा फाटलेला भाता, सगळं तो दुरुस्त करायचा, आणि करताना गाणं गुणगुणायचा. बाबांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांना ते पोराचं वेड वाटायचं.

आमची मराठी मंडळी लहान होती. स्वतःचं चर्च नव्हतं. एका तमिळ मंडळीची सकाळची उपासना उरकली की दुपारी त्याच बाकांवर आम्ही बसायचो. शनिवारी संध्याकाळी तिथेच तरुण संघ भरायचा आणि तो चालवायचे मनोहरअण्णा. ते घड्याळांच्या एका कारखान्यात कामाला होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि इंदिरानगरात एका बंगल्यामागच्या खोलीत राहायचे. नोकरीचे तास सोडले तर माणूस उरलेला सगळा वेळ आम्हा पोरांचा. कुणाचं गणित कच्चं, कुणाच्या घरात बाप पिऊन येतो, कुणाची आई दवाखान्यात, कुणाला नोकरीसाठी कुणाच्या ओळखीची गरज, हे सगळं अण्णांना ठाऊक, कारण मुलं त्यांना सांगायची. आई-बापाला न सांगितलेलं त्यांना सांगायची. आणि अण्णा नुसतं ऐकून सोडत नसत, सायकल काढून त्या घरी जात, बापाशी बोलत, आईला धीर देत. आज मागे वळून बघते तेव्हा कळतं, की त्या माणसाने किती घरं मोडता मोडता धरून ठेवली होती. म्हणून पुढे जे झालं ते सांगताना माझा हात जड होतो.

अण्णांची प्रार्थना मंडळीत नावाजलेली होती. ते डोळे मिटून बोलायला लागले की माणसं रडायची. ते देवाशी असे बोलायचे जसं कुणी समोर बसलेल्या मोठ्या भावाशी बोलावं, सगळं उघड, काही हातचं न राखता. आमच्याकडे तेव्हा एक समजूत होती, आजही आहे, की प्रार्थनेत बोललेलं कुणाला लागत नाही. एरवी जे तोंडातून काढणार नाही ते डोळे मिटले की बोलायला मोकळीक. चहाडी करणं पाप, पण तीच गोष्ट ‘हे प्रभो’ म्हणून सुरू केली की ती विनंती होते. आणि प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. बोलायचंच नसतं.

अप्पूची बी.ए.ची परीक्षा झाली आणि सेमिनरीत जायचं ठरलं, तेव्हा बाबांनी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. कधीपासून मनात धरलेला दिवस तो. खोलीतली खाट बाहेर काढली, रत्नम्माअक्कांकडच्या चटया आणून अंथरल्या. आईने सकाळपासून मटण पुलावाचा घाट घातला होता आणि अख्ख्या चाळीत पुदिन्याचा वास भरला होता. दुपारी उपासना आटोपून मंडळी थेट आमच्याकडे आली. खोलीत मावेनात म्हणून माणसं पायरीवर आणि पायरीखाली बसली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि त्या दिवशी त्यांनी हात पाठीमागे बांधले नव्हते. अप्पू त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला होता. तो दुपारपासून कुणाशी धड बोलला नव्हता. मला वाटलं, जायच्या विचाराने रडू येत असेल. गाणी झाली, पाळकसाहेब दोन शब्द बोलले, आणि मग म्हणाले, “मनोहर, तुम्ही या मुलाला घडवलंय. प्रार्थना तुम्ही करा.”

अण्णांनी सुरुवात नेहमीसारखीच केली. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यापासून. आईने पदर डोळ्यांना लावला. मग अण्णांचा आवाज हलला. “प्रभो, तू मनं जाणतोस. या लेकराच्या मनातलं वादळ तू जाणतोस. तुझं पाचारण झालेलं नाही असं त्याला वाटतं, प्रभो. मला सेमिनरीत जायचं नाही अण्णा, पण बाबांना सांगायची छाती होत नाही, असं हा माझ्यापाशी रडला. त्याला फ्रिज दुरुस्तीचं काम शिकायचंय. हे प्रभो, बापाच्या शब्दासाठी हा आपलं मन मारून निघालाय. त्याचं मन वळव. त्याला हाक मार.” मी डोळे उघडले. समोर सगळी माणसं माना खाली घालून, डोळे मिटून बसलेली. त्या सगळ्यांमध्ये तीनच जणांचे डोळे उघडे होते: माझे, अप्पूचे आणि बाबांचे. अप्पू अण्णांकडे बघत होता. बाबा अप्पूकडे बघत होते. अण्णा अजून बोलत होते, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्यांना थांबवायची सोय नव्हती. त्यांनी संपवलं तेव्हा सबंध खोलीने, सवयीने, मोठ्याने आमेन म्हटलं.

अण्णांनी डोळे उघडले, आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. आई उठली. ती कधी कुणाला टाकून बोलणारी बाई नव्हती. ती त्यांच्यासमोर उभी राहून हळू म्हणाली, “अण्णा, देवाला ते आधीच ठाऊक होतं की. तुम्ही कुणाला सांगत होता?” मंडळी पुलाव जेवली, कारण केलेलं अन्न टाकून जायचं नसतं. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कामावर जायला बूट घालत पायरीवर बसले होते. अप्पू त्यांच्यामागे दारात उभा. बाबांनी वळून न बघता विचारलं, “अण्णा बोलले ते खरं काय?”

“खरं, बाबा.”

“पाचारण नाही झालं तुला?”

“लहानपणापासून कान लावून बसलोय. सगळे म्हणतात हाक येईल, हाक येईल. मला कुणाची हाक आली नाही. मी खोटं कसं सांगू?”

बाबांनी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “मी हे हात तेलात घातले,” ते म्हणाले, “ते तुझे हात पवित्र शास्त्रावर राहावेत म्हणून.”

“मला तुमचे हात आवडतात, बाबा,” अप्पू म्हणाला.

हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. पण बाबांना ते त्या वेळी ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं ते उलटं गेलं. ते उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “मी देवाला शब्द दिलाय. हे घर त्या शब्दावर उभं आहे. तो मोडायचा असेल तर तुला इथं राहता येणार नाही.” “तो शब्द तुम्ही दिला बाबा, मला कुणी विचारलं?” असं अप्पू म्हणाला खरा, पण तोवर बाबा चाळीच्या टोकाला पोचले होते. संध्याकाळी ते परत आले तेव्हा अप्पूची पिशवी खुंटीवर नव्हती. तो मनोहरअण्णांच्या खोलीवर गेला होता. अण्णा स्वतः येऊन त्याला घेऊन गेले होते. त्यांचं म्हणणं, मी मोडलं ते मी तात्पुरतं तरी सांभाळतो.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. दिवसाबद्दल उपकार, अन्नाबद्दल उपकार, आजारी माणसं. मग बाबा थांबले. “कृपाला सुबुद्धी दे, रूथला आरोग्य दे.” आणि ते गप्प झाले. आईचं आमेन आलं नाही. आमटीवरची वाफ विरून गेली. बाहेर मालगाडीचे डबे जोडल्याचा दणका झाला. शेवटी बाबा म्हणाले, “आमेन म्हण.”

“तुमची प्रार्थना झाली कुठे अजून?” आई म्हणाली.

“झाली.”

“नाही झाली. एक नाव राहिलंय.”

बाबांनी डोळे उघडले. आईने मिटलेलेच ठेवले होते. बऱ्याच वेळाने तिने ते उघडले, उठून सगळ्यांना वाढलं, बाबांना नेहमीसारखी पापुद्र्याची भाकरी निवडून दिली, आणि आम्ही आमेन न म्हणता जेवलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चर्चमध्ये आई सगळ्यांबरोबर आमेन म्हणायची, घरात नाही. भांडण नाही, रडारड नाही, बोलणं-चालणं जसंच्या तसं. बाबांचा डबा वेळेवर, कपडे धुतलेले. फक्त तो एक शब्द तिने आवरून धरला होता. आम्हा मुलींनाही ती काही बोलली नाही, पण आई नाही म्हणत तर आम्ही कशा म्हणणार? रत्नम्माअक्का एकदा दारातून डोकावून विचारत्या झाल्या, “एन आयतु अक्का, काय झालं, तुमचं आमेन ऐकू येत नाही? स्वल्प दिवस झाले, मी रोज जेवायला उशीर करते.” आई म्हणाली, “आमच्याकडं प्रार्थना लांबलीय.”

लांबलीच ती. पावसाळा गेला, दसऱ्याची धामधूम रस्त्यावरून निघून गेली, आणि बंगळुरात थंडी पडली. मनोहरअण्णा पहिल्यांदा क्षमा मागायला आले तेव्हा बाबांनी दारातच सांगितलं, “प्रार्थना करायला आला असाल तर आमची झालेली आहे.” अण्णा परत गेले नाहीत. पायरीवर बसले. पुढच्या शनिवारी संघ आटोपून पुन्हा आले आणि पुन्हा पायरीवर बसले. बाबा त्यांच्या बाजूने आत-बाहेर करायचे. थंडीत आमच्याकडे अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग येतात. दाणे काढायचे, भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची, निव्वळ वेळखाऊ काम. एका शनिवारी आईने शेंगांनी भरलेलं सूप अण्णांपुढे ठेवलं आणि म्हणाली, “बसलाच आहात तर हात चालवा.” तेव्हापासून ते दर शनिवारी शेंगा सोलत बसायचे. अप्पू जेवतो का, खोकला गेला का, एवढं आई विचारायची आणि तेवढंच ते सांगायचे. तो एका मेकॅनिककडे काम शिकायला लागलाय, हेही तिथेच कळलं. आम्ही भेटायला गेलो तर चालेल का, असं आईने कधी विचारलं नाही. पोराने घरी यायचं आणि बापाने त्याला बोलवायचं, याहून कमी तिला काही नको होतं.

अण्णांमध्ये मोठा फरक पडला होता. मंडळीत त्यांना प्रार्थना करायला सांगितलं की ते मान हलवून दुसऱ्याचं नाव सुचवायचे. तरुण संघात त्यांनी एक रीत घातली, आणि ती मी पुढे अनेक वर्षं संघ चालवला तेव्हा माझ्या परीने पाळली: कुणी काही सांगितलं तर ते त्याला विचारल्याशिवाय प्रार्थनेतही बोलायचं नाही. मनात बोला, देवाला ऐकू येतं. ही रीत आता कोण पाळतंय! आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी उठून बघावं तर कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, कुणाचा नवरा कुठे पकडला गेला, सगळं आलेलं असतं, खाली ‘प्रार्थना करा’, आणि त्याखाली पन्नास जोडलेले हात. मी एकदा तिथे लिहिलं, की देव या ग्रुपमध्ये नाही, त्याला वेगळं सांगा. काही जणांना राग आला. येऊ दे.

नाताळ तोंडावर आला आणि आईने करंज्यांसाठी रवासुद्धा भिजवला नाही. रूथ रोज डबे उघडून बघायची. त्या शनिवारी बाबा कामावरून आले, हात धुतले आणि आत न जाता अण्णांच्या शेजारी पायरीवर बसले. मी आत तांदूळ निवडत होते. दार उघडंच होतं. बराच वेळ शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग बाबा म्हणाले, “मनोहर, सगळ्यांना वाटतं मी रागाने त्याचं नाव घेत नाही.”

अण्णा शेंगा सोलत राहिले.

“नाव रोज ओठांवर येतं. पण पुढं काय मागू? ‘तुझ्या सेवेसाठी तयार कर’ म्हणू? ते खोटं होईल. ज्याला दिला म्हटलं त्याच्याचकडे जाऊन कुठल्या तोंडानं मागू? आणि दुसरं काही मी त्या पोरासाठी कधी मागितलंच नाही. जन्मापासून एकच मागितलं. आता मागायला येतच नाही मला.” बाबांचा आवाज फुटला. मी बाबांना रडताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आई चुलीपाशी उभी होती, हातात उलथणं तसंच धरून. तिनेही ते ऐकलं. ती बाहेर गेली नाही.

अण्णांनी सूप बाजूला ठेवलं. “मला एक गोष्ट ठाऊक आहे,” ते म्हणाले, “पण ती माझी नाही. त्याला विचारून सांगतो.” पूर्वीचे अण्णा असते तर तिथल्या तिथे सांगून मोकळे झाले असते, आणि सगळ्यांना रडवलं असतं. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर चर्चच्या आवारात ते बाबांजवळ आले आणि एवढंच म्हणाले, “त्याला विचारलं. तो म्हणाला, बाबा आले तर मला आवडेल. जेवायच्या वेळेला या.”

सोमवारी संध्याकाळी बाबा मला घेऊन निघाले. मला का, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा एकट्याने त्या दारात उभं राहायची त्यांना भीती वाटत असावी. बसमध्ये त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि सबंध रस्ताभर ते त्या हातांकडे बघत होते. इंदिरानगरात तेव्हा झाडी दाट आणि बंगले शांत असायचे. बंगल्याच्या बाजूच्या बोळातून आम्ही मागे गेलो. खोलीचं दार उघडं होतं. अण्णा नव्हते. अप्पू दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. पुढ्यात ताट, ताटात भात आणि पातळ सार, बाजूला उघडी पेचकसांची पिशवी. त्याचे हात जोडलेले होते. आम्ही कुठल्या दिवशी येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला चाहूल लागली नव्हती.

तो प्रार्थना करत होता आणि ती बाबांची प्रार्थना होती. तेच शब्द, तोच क्रम, थांबायच्या जागासुद्धा त्याच. अण्णांनी न सांगितलेली गोष्ट ती हीच. दिवसाबद्दल उपकार. अन्नाबद्दल उपकार. मग तो म्हणाला, “बाबांची पाठ दुखते, त्यांना वाकून करायचं काम कमी पडू दे, कुणी तरुण हाताशी दे. आईचे डोळे सांभाळ. कृपाला सुबुद्धी दे, रूथला आरोग्य दे.” आणि तो गप्प झाला. आमेन म्हणाला नाही. आमच्या घरात प्रार्थना करणारा आमेन म्हणत नाही. तो तसाच बसून राहिला, जसे बाबा रोज बसतात, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजाची वाट बघत. त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या तोंडून आमेन निघणारच होतं. बाबांनी माझं मनगट धरलं. “थांब,” ते पुटपुटले. “ते तुझ्या आईचं आहे.” मग ते उंबऱ्यात एक पाऊल आत गेले आणि त्यांनी हाक मारली, “अप्पू.” तो दचकून वळला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबा म्हणाले, “हे झाकून ठेव. अण्णा येऊन जेवतील. तू घरी चल.”

अप्पू आयुष्यभर फ्रिज दुरुस्त करत राहिला. आता थकलाय, होसकोटेला मुलाकडे असतो आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो. पाचारणाबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही. त्या खोलीत तो जे म्हणत होता तो विश्वास होता की नुसती घरची आठवण, हे माझ्या सुबुद्धीच्या पलीकडचं आहे. बाबांनी त्या संध्याकाळी त्याला हाक मारली आणि तो उठला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरी पोचलो तेव्हा आईने दार उघडलं. तिने अप्पूला आपादमस्तक बघितलं, त्याच्या कॉलरला हात लावला आणि म्हणाली, “हातपाय धू. भाकरी टाकते.” बस्स, एवढंच. तव्यावर भाकरी फुगली, रूथ अप्पूच्या मांडीवर जाऊन बसली ती उठेना. अवरेकाळूची आमटी वाढली गेली. आम्ही आपापल्या जागी बसलो आणि हात जोडले. दिवसाबद्दल उपकार. अन्नाबद्दल उपकार. आजारी माणसं. मग बाबा थांबले. त्यांना खरंच मागता येत नव्हतं. नवीन वाक्य जुळवताना त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“अर्पणच्या,” ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले. “अर्पणच्या हातांना यश दे.”

“आमेन,” आई म्हणाली. इतक्या मोठ्याने, की भिंतीपलीकडे रत्नम्माअक्कांच्या हातातलं भांडं वाजलं. बाबांची प्रार्थना अजून संपली नव्हती, पण ती पुढे चालवायची त्यांची छाती झाली नाही. माझी सुबुद्धी आणि रूथचं आरोग्य त्या दिवशी राहूनच गेलं, आणि आम्ही जेवायला लागलो.